पहिले तीन फ्रेट

माझ्या गिटारच्या नेकवर, म्हणजे लांब मानेवर, बावीस फ्रेट आहेत: तारा दाबण्यासाठी आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या. ती माझ्याकडे आली तेव्हा त्यांतले पहिले तीन झिजून खाचाखाचांचे झाले होते. बाराव्याच्या पुढचे मात्र इतके कोरे होते, की कडेवरून नख फिरवलं तर कारखान्यातल्या कानशीची धार अजून लागत होती. गिटार १९६६ ची. तिच्यासोबत ना कसला कागद होता, ना आधीच्या मालकाचं नाव. एवढी वर्षं ती कुणाच्या हातात होती, हे सांगू शकणारी एकच गोष्ट शिल्लक होती, ती म्हणजे तिच्यावरची झीज.

आणि झीज बरंच काही सांगते. फ्रेटची तार ज्या धातूची असते त्याला आपण जर्मन सिल्व्हर म्हणतो. त्यात चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं. गिटारच्या तारा पोलादाच्या, म्हणजे त्याहून कठीण. हजारो वेळा एकाच जागी दाबली की तार फ्रेटमध्ये आपली जागा कोरत जाते. पातळ, साध्या तारा अरुंद आणि खोल खाच पाडतात. जाड, वेढे दिलेल्या तारा रुंद, चपटी खूण सोडतात. तारा मोजायच्या त्या सगळ्यात पातळ तारेपासून. माझ्या गिटारवर पहिल्या फ्रेटला दुसऱ्या तारेखाली सगळ्यात खोल खाच होती. सी आणि ए मायनर या दोन्ही कॉर्डमध्ये, म्हणजे एकत्र वाजवायच्या स्वरांच्या जुळण्यांत, पहिलं बोट तिथेच पडतं. दुसऱ्या फ्रेटला पहिल्या आणि तिसऱ्या तारेखाली, तिसऱ्या फ्रेटला दुसऱ्या तारेखाली: हा डी. तिसऱ्या फ्रेटला सहाव्या तारेखाली चपटी खूण: हा जी. पण एफची आडवी, एकाच बोटाने सगळ्या तारा दाबायची पकड कुणी वर्षानुवर्षं वाजवली, तर पहिल्या फ्रेटवर पहिल्या आणि सहाव्या तारेखाली जी झीज पडते, ती कुठेच नव्हती.

म्हणजे ही कुणा नामवंत वादकाची गिटार नव्हती. ती शिकणाऱ्याची गिटार होती. मला ती हवीहवीशी वाटली ती यामुळेच.

मुळात ती बनवलीच होती शिकणाऱ्यांसाठी. फेंडर कंपनीने १९६४ साली मस्टँग हे मॉडेल काढलं. त्याआधी १९५६ पासून म्युझिकमास्टर आणि ड्युओ-सॉनिक ही दोन विद्यार्थ्यांची मॉडेल्स होतीच. मस्टँग त्यांच्या पुढचं. तिच्यात सगळ्यात महत्त्वाचं आहे ते तारेचं माप. फेंडरच्या मोठ्या गिटारींमध्ये, म्हणजे स्ट्रॅटोकास्टर आणि टेलिकास्टरमध्ये, नटपासून, म्हणजे डोक्याजवळच्या खाचांच्या पट्टीपासून, ब्रिजपर्यंत, म्हणजे बॉडीवरच्या तारांच्या टेकूपर्यंत, वाजणारी तार साडेपंचवीस इंच असते. मस्टँगमध्ये ती चोवीस इंच, आणि आणखी लहान हातांसाठी साडेबावीस इंचांचा पर्यायही होता. दीड इंचाने काय फरक पडतो, असं वाटेल. पण तीच तार त्याच सुराला लावायची तर तिच्यावरचा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. चोवीस इंचांवर तो सुमारे अकरा टक्क्यांनी उतरतो, साडेबावीसवर बावीस टक्क्यांच्या आसपास. त्याशिवाय फ्रेट एकमेकांच्या जवळ येतात. दहा-बारा वर्षांच्या मुलाचं तिसरं बोट सी कॉर्डसाठी तिसऱ्या फ्रेटपर्यंत पोचणं आणि न पोचणं यांत एवढंच अंतर असतं. शिकाऊ गिटार म्हणजे कमी प्रतीची गिटार, असा एक समज पसरलेला आहे. पण कुणाच्या हातासाठी काय बनवायचं याचा विचार मस्टँगमध्ये जितका केलेला दिसतो, तितका पुष्कळ महागड्या गिटारींमध्ये दिसत नाही.

सुरुवातीला मस्टँग लाल, पांढरी आणि निळी, अशा तीन रंगांत मिळे. माझी पांढरी. आज तिला पांढरी म्हणवत नाही. ती पिवळी आहे, आणि तेही सगळीकडे सारखी नाही: कडांजवळ मधाळ, मधे साईच्या रंगाची, आणि जिथे हात टेकत आला तिथे रंगच नाही, नुसतं लाकूड. त्या काळात फेंडर नायट्रोसेल्युलोज लॅकर वापरत असे, मोटारींवर मारलं जाई त्याच जातीचं. ते पटकन वाळतं, पातळ बसतं आणि चकाकतं. पण वाळल्यावरही ते कायमचं स्थिर होत नाही. वर्षानुवर्षं बारीक होत जातं, उजेडाने पिवळं पडतं, ठिसूळ होतं. थंडीतून एकदम उबेत आणलं की खालचं लाकूड एका गतीने फुगतं, वरचा थर दुसऱ्या गतीने, आणि थराला केसासारखे तडे जातात. साठीचं दशक सरताना फेंडर पॉलिएस्टरच्या जाड थराकडे वळली. त्या गिटारी आजही काचेसारख्या दिसतात. घाव बसलाच तर त्यांच्यावरून रंगाचा टवका उडतो. हळूहळू विरळ होणं त्यांना माहीत नाही.

मी पहिल्यांदा पिकगार्ड, म्हणजे बॉडीवर स्क्रूने बसवलेला प्लॅस्टिकचा पातळ पत्रा, उघडला तो आतलं वायरिंग बघायला. स्क्रू गंजलेले होते, एकेक करून सावकाश काढले. पिकगार्ड उचलला आणि खाली त्याच्याच आकाराचा एक स्वच्छ पांढरा तुकडा होता. उजेड तिथे कधी पोचलाच नव्हता. १९६६ साली कुणीतरी पेटी उघडून ही गिटार बाहेर काढली असेल, तेव्हा ती सगळी अशी होती. त्या दोन रंगांच्या मधली रेघ मी बराच वेळ बघत बसले. बाहेरचा पिवळा रंग मला आवडायचाच, पण तो किती उजेडाने मिळून झाला आहे हे त्या रेघेने दाखवलं: खिडकीपाशी उभी असल्याचा उजेड, खोलीतल्या दिव्याचा उजेड, बहुधा एखाद्या शाळेच्या सभागृहातलाही. हा रंग कुणी मारलेला नाही.

काळ ठरवायचं काम थोडक्यात सांगते, कारण त्यात शिरलं की माणूस बाहेर येत नाही. मागच्या धातूच्या पट्टीवरचा क्रमांक फारसा विश्वासाचा नसतो. पट्ट्या हाती येतील तशा लावल्या जात. नेक काढली की तिच्या टाचेवर शिक्का असतो: एक आकडा, महिना, वर्ष आणि एक अक्षर. पुष्कळ जण पहिल्या आकड्याला तारीख समजतात, पण तो मॉडेलचा क्रमांक असतो. शेवटचं अक्षर नटच्या रुंदीचं. बी म्हणजे एक पूर्णांक पाच अष्टमांश इंच, ए त्याहून अरुंद. व्हॉल्यूमच्या पॉटवरही, म्हणजे बटणाखालच्या विजेच्या भागावरही, आकडे असतात. पहिले तीन बनवणाऱ्याचे, पुढचे वर्षाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. माझ्या पॉटवर ३०४ आहे, म्हणजे तो स्टॅकपोल कंपनीचा, आणि वर्ष ६६. यावर एकट्यावर विसंबून चालत नाही, कारण १९६६ साली फेंडरने पॉट इतक्या प्रमाणात भरून ठेवले, की ते पुढची काही वर्षं गिटारींना लागत राहिले. पॉट सांगतो ते फक्त इतकंच, की गिटार याच्या आधीची नाही. शिक्का आणि पॉट दोन्ही जुळले म्हणून मी १९६६ म्हणते.

त्या वर्षाला जुन्या गिटारींच्या जगात एक डागही आहे. लिओ फेंडर यांनी आपली कंपनी जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीला विकली, १३ दशलक्ष डॉलरना. त्याच्या आधीच्या गिटारी खऱ्या आणि नंतरच्या उतरत्या, अशी एक सरळ रेघ लोक मारतात. कंपनी विकली गेली म्हणून कॅलिफोर्नियातल्या फुलरटनच्या कारखान्यातले कामगार दुसऱ्या दिवशी बदलले नव्हते. तीच माणसं तीच कामं करत होती. तारांचं कंपन विजेत बदलणारा भाग म्हणजे पिकअप; त्याच्या गुंडाळ्या करणाऱ्या ॲबिगेल यबारा पन्नासच्या दशकात तिथे कामाला लागल्या आणि पुढे कित्येक दशकं हेच काम करत राहिल्या. मानवी केसाइतकी पातळ तांब्याची तार, सात-आठ हजार वेढे, आणि ती बोटांनी सांभाळत गुंडाळीवर चढवायची. ताण थोडा जास्त झाला की तुटली. माझ्या गिटारचे पिकअप कुणी गुंडाळले हे कुठे लिहिलेलं नाही. पण कुणाच्या तरी बोटांतून ती तार गेली आहे. पूर्वीच्या काही नेकवर कामगार पेन्सिलीने आपली आद्याक्षरं लिहीत. टाडेओ गोमेझ यांचं टी.जी. त्यामुळेच आज ओळखलं जातं. गिटार हातात घेताना आपण वाजवणाऱ्यांचीच नावं घेतो. या लोकांची घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता झिजेकडे परत येते.

इलेक्ट्रिक गिटारची झीज ठरावीक जागी होते आणि प्रत्येक जागेमागे शरीराचा एक अवयव असतो. उजवा हात बॉडीवरून खाली येतो तिथे, वरच्या कडेला, कोपर आणि मनगटाच्या मधल्या भागाने रंग जातो. पाठीमागे मधोमध पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे. नेकच्या मागे, अंगठा फिरतो तिथे, लॅकर जाऊन मेपल करडं होतं. डोक्यावर, तारांच्या टोकांजवळ, कधी काळपट जळका डाग. सिगारेट तारेच्या टोकात खोचून वाजवणाऱ्यांचा. हे सगळं इतकं नेमाने होतं, की अनोळखी गिटार पाहून ती उभ्याने वाजवली की बसून, हे सांगता येतं. माझ्या गिटारच्या पाठीवर बकलाचा एकही ओरखडा नाही. कमरेपाशीचा खालचा खळगा मात्र झिजलेला आहे, मांडीवर टेकतो तो. ही गिटार बसून वाजवली गेली. आणि हाताची झीज नेहमीच्या जागेपेक्षा थोडी पुढे, ब्रिजच्या दिशेला आणि लहान आहे. मोठ्या माणसाचा हात तिथे पडत नाही. माझा तरी पडत नाही. हा लहान हाताचा ठसा आहे असं मला वाटतं. मला हे सिद्ध करता येणार नाही, पण मी ती मांडीवर घेते तेव्हा माझा हात एका जागी असतो आणि उघडं लाकूड त्याच्या बाजूला, हे मला रोज दिसतं.

जगातली सगळ्यात प्रसिद्ध झिजलेली गिटार बहुधा आयरिश वादक रोरी गॅलाघर यांची असावी. १९६१ ची स्ट्रॅटोकास्टर, त्यांनी १९६३ साली घेतलेली. ते इतके घामाघूम होऊन वाजवत, की तिच्यावरचा रंग जवळजवळ सगळा निघून गेला. ती एकदा चोरीलाही गेली होती आणि काही दिवसांनी एका चरात पडलेली सापडली. १९९५ मध्ये ते गेले; २०२४ मध्ये गिटारचा लिलाव झाला आणि ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे जाईल असं तेव्हा जाहीर झालं. त्या गिटारचे फोटो मी खूप वेळा पाहिले आहेत. रंग राहिला आहे तो कडांवर, जिथे गेला आहे तिथे घाम, हात आणि वर्षं. तिच्याकडे पाहताना झीज म्हणजे खराबी असं मनातही येत नाही.

अशी झीज नव्या गिटारींवर मुद्दाम करून देणं १९९५ च्या सुमाराला सुरू झालं. फेंडरच्या कस्टम शॉपने रेलिक नावाने त्या विकायला काढल्या आणि पुढे बाकीच्यांनीही. अनेक वाजवणारे याची हेटाळणी करतात. मी करत नाही. नव्या गिटारला पहिला ओरखडा पडेल या धास्तीने हात आखडतो, तो रेलिकवर आखडत नाही, आणि ही काही लहान गोष्ट नाही. ते काम करणाऱ्यांचं कसबही मोठं असतं. माझी अडचण एवढीच आहे, की त्या बहुतेक गिटारींवर एकाच माणसाची झीज असते: उभ्याने वाजवणारा, मंचावरचा, घामाघूम, मोठ्या हातांचा पुरुष. घरात बसून सी, डी आणि जी घोटणाऱ्या मुलाच्या झिजेची नक्कल मी अजून कुठे पाहिलेली नाही. जगात गिटारी मात्र सगळ्यात जास्त अशाच मुलांनी झिजवल्या आहेत.

फ्रेट बदलायचे की नाही, हा प्रश्न मी बरेच महिने टाळला. जुन्या गिटारींची किंमत मूळ भागांवर ठरते. जितकं काही बदललेलं नाही तितकी ती वरची. आणि मला तर त्या खाचाच प्रिय होत्या. पण पहिल्या तीन फ्रेटवर स्वर भसभसायला लागले होते. तार खाचेत बसली की पुढच्या फ्रेटला घासते, आणि बेंड करायला, म्हणजे तार आडवी ओढून सूर चढवायला, गेलं की खाचेच्या भिंतीला अडते. मी या गिटारवर हळूहळू वरच्याच भागात वाजवायला लागले होते. ज्या भागात तिचं सगळं आयुष्य गेलं, तोच मी वापरत नव्हते.

तंबोऱ्याची जवारी वापरून वापरून बसते, स्वर मिटतो, मग जवारी पुन्हा घासून खुली करावी लागते. जुन्या माणसाच्या हातची जवारी होती म्हणून कुणी ती मिटलेली ठेवत नाही. फ्रेटचंही तसंच आहे, असं गिटार दुरुस्त करणारे गृहस्थ मला समजावत होते. त्यांनी आधी नेक डोळ्याशी धरून सरळ आहे का पाहिली, मग सहाव्या तारेपासून एकेक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवर किती जागा उरते ते पाहिलं. तिथे जेमतेम कागदाइतकी फट असावी लागते. माझ्या गिटारवर चांगली ठळक फट होती.

“हा नट मूळचा आहे,” ते म्हणाले, “आणि याच्या खाचा कुणी कधी खाली घेतलेल्याच नाहीत, बघा. कारखान्यातून निघाला तसाच आहे.”

त्याचा अर्थ मला हळूहळू उमगला. नट उंच असला की पहिल्या फ्रेटवर तार दाबायला जास्तीत जास्त जोर लागतो, आणि दाबताना ती ताणली जाऊन सूर चढतो. वरच्या फ्रेटना याचा त्रास होत नाही; होतो तो नेमका पहिल्या दोन-तीन फ्रेटवर, शिकणारा जिथे असतो तिथे. सी कॉर्ड नीट लावूनही बेसूर लागते. एफची आडवी पकड तर अशा नटवर मोठ्या माणसालाही जड जाते. एवढी वर्षं मी असं धरून चालले होते, की आधीचा वाजवणारा एफपर्यंत पोचला नाही, मधेच सोडून दिलं. आता त्या खोल खाचांकडे पाहताना वेगळं दिसलं. इतक्या खोल त्या नुसत्या वाजवल्यामुळे पडत नाहीत, जोर लावावा लागल्यामुळे पडतात. ते मूल वर्षानुवर्षं पोलादी तारा गरजेपेक्षा कितीतरी जास्त ताकदीने दाबत होतं, आणि तरी त्याला सूर चढलेला ऐकू येत होता. कुणी कानशीने नटच्या सहा खाचा थोड्या खाली घेतल्या असत्या तर पंधरा मिनिटांचं काम होतं. कदाचित त्या घरात हे माहीत असलेलं कुणीच नसेल. कदाचित त्या मुलाला वाटलं असेल, की आपल्यालाच जमत नाही.

शिकणाऱ्याच्या हातात गिटार देणाऱ्या प्रत्येकाला मला हे सांगावंसं वाटतं: आधी नट बघा. नवी असो की जुनी, स्वस्त असो की महाग. बोटं दुखतात, सोसायला हवं, असं म्हणण्याआधी नट बघा.

मग फ्रेट बदलले. त्या काळच्या फेंडरच्या नेकवर हे काम नाजूक असतं. त्या कारखान्यात फ्रेट वरून ठोकण्याऐवजी बाजूने सरकवून बसवत. सरळ वर उपटले की खाचेच्या दोन्ही काठांचं रोझवूड खपल्या होऊन निघतं. शिवाय रोझवूडही जाड फळीचं नाही. १९६२-६३ पासून फेंडर नेकच्या गोलाईवर रोझवूडचा पातळ, वळवलेला थर चिकटवत असे, काही मिलिमीटरचा. फ्रेट काढल्यावर फिंगरबोर्ड सपाट करायला पॉलिश पेपरने जास्त घासलं तर खालचं मेपल दिसायला लागतं. त्यांनी जवळजवळ काहीच घासलं नाही. दीड-दोन पिढ्यांचा मळ आणि बोटांखाली रोझवूडमध्ये पडलेले उथळ खळगे तसेच राहू दिले. नटसुद्धा मूळचाच ठेवला. खाचा फक्त खाली घेतल्या. काढलेले जुने फ्रेट त्यांनी न विचारता एका कागदावर क्रमाने चिकटवून दिले, पहिल्यापासून बाविसाव्यापर्यंत. माझी झीज कुठे गेली नाही. ती गिटारवरून उतरून कागदावर आली, आणि गिटार पुन्हा वाजायला लागली.

याच्यावर कुणी म्हणेल की आता ती पूर्ण मूळची राहिली नाही. नाही राहिली. टायर बदलणं जितकं साहजिक, तितकंच फ्रेट बदलणंही. ते झिजण्यासाठीच असतात. ज्यांना न वाजणारी मूळ गिटार हवी त्यांना ती जरूर मिळो. माझ्या मते वाद्याचा मूळपणा त्याच्या वाजण्यात आहे; बाकीचं त्यानंतर येतं. रंगाचं मात्र उलट आहे. रंग गेल्यामुळे वाजण्यात काही अडत नाही, म्हणून त्याला कधीच हात लावायचा नाही. पुन्हा रंगवलेली जुनी गिटार पाहिली, की मला एखादी वही खोडून कोरी केल्यासारखं वाटतं.

आवाजाबद्दल. जुनं लाकूड, जुने चुंबक, म्हणून जुना आवाज श्रेष्ठ, असं मी म्हणणार नाही. पिकअप तारेचं कंपन ऐकतो ते चुंबकाच्या क्षेत्रातल्या बदलातून: पोलादी तार हलते, क्षेत्र हलतं, गुंडाळीत विजेचा सूक्ष्म प्रवाह उठतो. त्या काळात वेढे हाताने सांभाळून दिले जात, त्यामुळे एकाच महिन्यातले दोन पिकअपही सारखे नसत. काही अप्रतिम झाले, काही मेंगळट. माझे दोन्ही मध्यम ताकदीचे आहेत, आणि अर्थातच गुणगुणतात. एकेरी गुंडाळीचा पिकअप घरातल्या विजेची गुणगुण उचलतोच. ती घालवण्यासाठी गिब्सन या दुसऱ्या गिटार कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ साली दुहेरी गुंडाळीचा हंबकर घडवला. मस्टँगला ती सोय नाही, आणि मला तिची उणीव भासत नाही.

तिची खरी मजा स्विचमध्ये आहे. प्रत्येक पिकअपला स्वतःचा सरकता स्विच, तीन जागांचा: मधे बंद, दोन्ही टोकांना चालू, पण एका टोकाला उलट्या जोडणीने. दोन्ही पिकअप एकमेकांच्या उलट लावले, की दोघांत समान असलेला खर्जाचा भाग एकमेकांना मारतो आणि उरतो तो पातळ, नाकातला, थोडा दूरचा आवाज. बँडच्या गर्दीत तो इतर कुणाच्या आड येत नाही. पुष्कळ जण हा आवाज एकदा ऐकून स्विच परत ढकलतात. मी बहुतेक वेळ तिथेच असते. सावकाश वाजवलेली ए मायनर या जोडणीत ऐकावी. मधल्या तारा आणि वरच्या तारा वेगवेगळ्या ऐकू येतात, कुठेच गिचमीड होत नाही. ब्रिजही वेगळा आहे. तो दोन टेकूंवर झुलता असतो, मागच्या दांड्याला गुंडाळलेल्या तारा सैल-घट्ट करताना तो तारांबरोबर पुढेमागे होतो. त्यामुळे व्हायब्रेटोचा, म्हणजे सूर हलवायच्या दांडीचा, स्पर्श फार मऊ आहे, सूर खाली नेण्यापेक्षा थरथरवायला योग्य.

मस्टँग १९८२ साली बंद झाली. तोवर तिला विचारणारं फारसं कुणी उरलं नव्हतं. शिकणारी मुलं मोठी झाली, गिटारी जुन्या बाजारात आल्या, आणि ज्या वादकांकडे मोठ्या नावांच्या गिटारींसाठी पैसे नव्हते त्यांनी त्या उचलल्या. निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेनच्या हातातली १९६९ ची निळी, पट्ट्यांची मस्टँग सगळ्यांनी पाहिली, आणि १९९० मध्ये जपानमधून मॉडेल पुन्हा सुरू झालंच होतं. शिकाऊंसाठी बनवलेल्या वस्तूचं हे दुसरं आयुष्य मला फार सुंदर वाटतं, कारण ते कुणी जाहिरात करून घडवलेलं नाही.

माझ्याकडे आल्यापासून तिची निगा साधी आहे. वाजवून झालं की तारा आणि नेक कोरड्या सुती कापडाने पुसते. रबर किंवा फोमच्या स्टँडवर कधी ठेवत नाही. त्यातली रसायनं नायट्रो लॅकरला चिकट करतात आणि त्याचे डाग कायमचे राहतात. पॉलिश लावत नाही, कारण तड्यांतून ते लाकडात उतरतं. पेटीत ठेवते, पण आठवडे-आठवडे नाही. ट्यूनरच्या प्लॅस्टिकच्या टोप्या ठिसूळ झाल्या आहेत, म्हणून तारा बदलताना एकदम फिरवत नाही. पेटीत एका कागदावर लिहून ठेवलं आहे: फ्रेट बदलले, नटच्या खाचा खाली घेतल्या, इतर सर्व मूळचं, जुने फ्रेट सोबत. पुढे ती ज्याच्याकडे जाईल त्याला शिक्के आणि पॉट बघून अंदाज करायला लागू नयेत.

आता राहिला तो पिकगार्ड. कासवाच्या पाठीसारख्या नक्षीचा, सेल्युलॉइडचा. हा पदार्थ वर्षं गेली तसा आक्रसतो, आणि त्यातून हळूहळू बाहेर पडणारी वाफ जवळचा धातू खाते. माझे स्क्रू गंजले होते ते यामुळेच. एका कोपऱ्यात स्क्रूपासून कडेपर्यंत तडा गेला आहे, दुसऱ्या बाजूला सगळे स्क्रू एका दिशेला कलले आहेत. तसाच ठेवला तर तडा वाढेल आणि ती वाफ पिकअपपर्यंत पोचेल, म्हणून तो काढायचं ठरवलं आहे. जुना फेकणार नाही, पण गिटारच्या पेटीतही ठेवणार नाही: सेल्युलॉइड बंद जागेत आणखी लवकर कुजतं आणि पेट पटकन घेतं, तेव्हा तो कागदात गुंडाळून हवेशीर फडताळात, उष्णतेपासून लांब. नव्याचं माप घेताना एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. जुन्या पिकगार्डवरून माप घ्यायचं नाही, कारण तो आता स्वतःच्याच मूळ मापाचा उरलेला नाही. माप घ्यायचं ते बॉडीवरच्या भोकांवरून. ती हललेली नाहीत. आठवड्याच्या शेवटी सगळे स्क्रू काढून कागद पसरून ती उतरवून घ्यायची आहेत.